मालकाचं उत्तर : रिकामा समुद्र आम्ही लावत नाही

नमस्कार दादा,

रविवारी तुम्ही मित्राला घेऊन आमच्या गेमिंग कॅफेत आला होता, मागच्या बाजूला पाणबुडीसारखी केलेली केबिन आहे, तिथं तीन तास गेम खेळत बसला होता. तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय : "तीन तास नुसतं पाणी बघितलं, एक जहाज आलं नाही. पोरं जास्त वेळ बसावीत म्हणून मालक मुद्दाम रिकामं मिशन लावतो. केबिन म्हणजे खुराडं, लाल लाइटनं डोळे दुखले, चहा गार. 240 रुपये पाण्यात." तुमची सुट्टी वाया गेली असं तुम्हाला वाटलं याबद्दल मनापासून माफी मागतो. चहाचंही पोराला सांगितलंय.

पण मुद्दाम लावतो, हे जे लिहिलंय ते लागलं बघा. गेम आवडला नाही म्हणा, दर जास्त म्हणा, ऐकून घेईन. फसवतो म्हटल्यावर गप्प बसणं जमणार नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत धंदा करतोय, रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं.

केबिनमध्ये चालतो तो ‘सायलेंट हंटर 3’. 2005 सालचा गेम, जुना आहे, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटीची, म्हणजे पाणबुडीची, गस्त इतक्या इमानानं दाखवणारे गेम फार नाहीत. करिअर, म्हणजे गस्तीमागून गस्त असा लांबचा खेळ, सुरू केलं की गेम तुम्हाला बंदर देतो, बोट देतो आणि नकाशावरचा एक चौकोन देतो. तिथं जायचं, 24 तास गस्त घालायची, त्यानंतर कुठं शोधायचं ते कप्तानानं ठरवायचं. कुठलं जहाज कुठून कधी निघणार हे गेमच्या मोहिमेच्या फायलींत मांडलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं नशिबावर सोडलेलं असतं. काउंटरवर बसून मला तिथं एक होडीसुद्धा पाठवता येत नाही, आणि येणारी अडवताही येत नाही.

आता त्या दिवशीचं. तुम्ही बसायच्या आधीच मी विचारलं होतं, "दादा, पहिलीच वेळ आहे, सिंगल मिशन लावू का? सुरू झाल्या झाल्या समोर जहाजांचा ताफा असतो." तुम्ही म्हणालात, नको, करिअरच पाहिजे, एकदम रिअल पाहिजे. बरं म्हटलं. 1941 चा सप्टेंबर तुम्हीच निवडलात, फ्रान्समधलं सेंट नाझेर बंदर, सात-सी जातीची यू-बोट. चौकोन मिळाला आयर्लंडच्या पश्चिमेचा, म्हणजे शेकडो सागरी मैल लांब. मी आत येऊन सांगितलं की आता टाइम वाढवा, गेममध्ये 1024 पटीपर्यंत वेळ पळवता येतो. मित्र मोबाइलवर शूटिंग करत होता. तुम्ही हात केलात, राहू दे म्हणून.

दीड तास तुम्ही एक पटीवरच बसलात, तेही फुल स्पीड लावून. ती बोट पाण्यावर जास्तीत जास्त साडेसतरा नॉटच्या, म्हणजे तासाला साडेसतरा सागरी मैलांच्या, आसपास पळते. दीड तासात झालं साधारण 26 सागरी मैल, म्हणजे 48 किलोमीटर. इथून सांगलीला पोचल्यासारखं झालं, आणि जायचं होतं आयर्लंडच्या पलीकडं. वाटेत जहाज कुठलं भेटणार? आणि तासाचे पैसेच काढायचे असते, तर टाइम वाढवा म्हणून सांगायला मी उठून आत कशाला आलो असतो? याचा विचार लिहिण्याआधी व्हायला हवा होता.

पुढं माझ्या आग्रहावरून टाइम वाढवलात, चौकोनात पोचलात. तिथं हवा बिघडली होती. वारा सेकंदाला 15 मीटर, पाऊस, धुकं. या गेममध्ये वादळ लागलं की दिवसेंदिवस हटत नाही, खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. अशा हवेत ब्रिजवर, म्हणजे बोटीच्या वरच्या टेहळणीच्या जागेवर, उभ्या असलेल्या माणसाला जवळचंसुद्धा दिसत नाही. तिथं कामाला येतो तो हायड्रोफोन, पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र, आणि ते या गेममध्ये पाण्याखाली गेल्यावरच चालतं. खरे कप्तानही हेच करायचे. इंजिनाच्या धडधडीत वर काही ऐकू येत नाही, म्हणून ठरावीक वेळानं बुडी मारायची, मोटर हळू करायची आणि ऐकायचं. केबिनमध्ये हेडफोन लावलेत, ऐकायचं गोल चाक आहे, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर खास करून घेतलेलं. तुम्ही त्याला एकदाही हात लावला नाहीत. तीन तासांत एकदाही बुडी मारली नाहीत. फुल स्पीडनं डिझेल जाळत वरच्या वर फिरलात. दहा नॉटनं गेलं तर ही बोट 8,500 सागरी मैल जाते, फुल स्पीडला तो पल्ला निम्म्याच्याही खाली येतो.

तुमचा सेव्ह, म्हणजे तुम्ही थांबलात तिथपर्यंतचा साठवलेला खेळ, तसाच ठेवला होता. त्याच संध्याकाळी आमच्याकडं नेहमी येणारे एक काका आले, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना म्हटलं, हा एका दादांचा समुद्र आहे, रिकामा आहे म्हणतात, बघा जरा. काकांनी स्पीड उतरवला, 25 मीटर खाली गेले, हेडफोन लावले आणि चाक एकेक अंश फिरवत राहिले. एकदा पूर्ण फिरवून झालं, काही नाही. पुन्हा सुरुवात केली. वायव्येला आल्यावर हात थांबला. मला बोलावून हेडफोन दिला. पावसाच्या खरखरीमागं एका पंख्याचा संथ ठोका होता, मालवाहू जहाजाचा. काकांनी नकाशावर रेघ मारली, थोडं थांबून पुन्हा ऐकलं, दुसरी रेघ मारली, कुठं गाठायचं ते काढलं. बराच वेळ गेला, पण ते जहाज पेरिस्कोपमध्ये आलं. तुमचाच सेव्ह, तुमचाच चौकोन, तीच हवा. सेव्ह अजून आहे, कधीही येऊन बघा.

"युद्ध कुठंय यात?" असं तुम्ही जाताना मित्राला म्हणालात, तेही कानावर आलं. दादा, युद्ध असंच होतं. तुम्ही निवडलेल्या 1941 च्या उत्तरार्धात तर जास्तच. त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिशांनी यू-110 ही बोट पकडली, संदेश सांकेतिक करायचं एनिग्मा यंत्र आणि सांकेतिक कागद हाती आले, ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडायच्या केंद्रात जर्मन आरमाराचे संदेश वाचले जाऊ लागले. बोटी कुठं दबा धरून बसल्यात हे कळलं की ताफे वळसा घालून न्यायचे. पन्नासेक माणसं, एका लोखंडी नळीत, आठवडेच्या आठवडे रिकाम्या पाण्याकडं बघत बसायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. कितीतरी बोटींनी अख्ख्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही. आणि यू-बोटींवर गेलेल्या सुमारे 40,000 माणसांतली 28 ते 30 हजार परत आलीच नाहीत. एकट्या मे 1943 मध्ये चाळीसहून जास्त बोटी गेल्या. रिकामी गस्त घालून बंदरात परत येणं ही त्या लोकांच्या लेखी केवढी मोठी गोष्ट असेल! गेम करणाऱ्यांनी ते कापून टाकलं नाही, म्हणून मला हा गेम मोठा वाटतो, आणि म्हणूनच मी ही केबिन केली.

खुराड्याबद्दल. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर आपल्या नौदलाची ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी ठेवलीय, 2002 पासून लोकांना आत जाता येतं. 91 मीटर लांब बोट, पण आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. ते बघून आल्यावर सुताराला माप दिलं. जागा वाचवायला अरुंद केली असं समजू नका, त्या जागेत तीन पीसी आरामात बसले असते आणि तिघांचे पैसे आले असते. लाल दिवाही त्यासाठीच. अंधारात वर जायचं तर डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून पाणबुडीत रात्री लाल उजेड ठेवतात. तरी त्रास झाला तर हाक मारायची, साधी ट्यूब लावता येते. इतर लोक सांगतात, आम्ही लावतो.

आता घरचं सांगतो, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्याला पलीकडं काय होतं ते दिसत नाही. पोरांच्या हातात मोबाइल आल्यापासून गेमिंग कॅफे किती बंद पडले ते तुम्हीही बघताय. जागेचं भाडं, लाइट बिल, केबिनसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, हे तासाला 80 रुपयांतून निघतं. सुट्ट्यांत पोराला पाठवायच्या आधी आई-वडील रिव्ह्यू उघडून बघतात. मालक पैसे उकळतो असं सगळ्यात वर दिसलं तर ते दुसरीकडं पाठवणार, त्यांची काय चूक?

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दारावर काहीतरी माहितीचा बोर्ड लावायचं चाललंय, दराचंही बघतोय, फॅन बदलायचा आहेच.

स्टार वाढवा असं म्हणत नाही, गेम आवडला नसेल तर एकच राहू दे. फक्त मुद्दाम रिकामं मिशन लावतो हे वाक्य तेवढं काढा, ते खरं नाही. आणि एकदा या, सोमवार सोडून कधीही. पहिला तास माझ्याकडून. काका बहुतेक संध्याकाळी असतात, त्यांच्या शेजारी बसा, बुडी मारून ऐकायचं कसं ते दाखवतील.

आपला,
मालक