‘ग्रीन होम लोन म्हणजे धूळफेक’ या फॉरवर्डला माझं उत्तर

हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या. ग्रीन होम लोन म्हणजे वीज वाचवणाऱ्या घराला थोड्या कमी व्याजानं मिळणारं गृहकर्ज. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

“सावधान! बँका आता ‘ग्रीन होम लोन’चं गाजर दाखवतायत. १) बिल्डर आणि बँकेची मिलीभगत आहे, ग्रीनचा शिक्का मारून फ्लॅट महाग विकतात. २) व्याजात पाव टक्का सूट म्हणजे नुसती धूळफेक. ३) मुंबईच्या दमट हवेत घर कसंही बांधा, एसी लागणारच. ४) जुन्या सोसायट्यांना यातलं काहीच लागू नाही. ५) वीज वाचवणं सरकारचं काम, बँकेनं त्यात नाक खुपसू नये. पुढे पाठवा.”

मी २६ वर्षं गृहकर्ज विभागात काढली. आता मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. गेल्या सभेत गच्चीवरच्या सोलरचा ठराव वाचायला घेतला, तेव्हा एका सभासदांनी हाच मेसेज मोठ्यानं वाचला आणि ठराव पुढे ढकलला गेला. म्हणून हे लिहायला बसले.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. घर कसंही बांधलं तरी फरक पडत नसेल, तर चांगल्या घराला स्वस्त कर्ज देण्याला अर्थच उरत नाही.

मुंबईत दिवसा आणि रात्री तापमानात फारसं अंतर नसतं आणि हवा ओली असते. विदर्भातल्या वाड्याच्या जाड भिंती इथे फारशा कामाला येत नाहीत. इथे दोन गोष्टी चालतात: भिंतीवर, काचेवर ऊन पडू न देणं आणि वारा आरपार जाऊ देणं. गिरगावातल्या चाळीची लांबलचक गॅलरी नेमकं हेच करायची. खोलीच्या भिंतीपर्यंत ऊन पोचायचंच नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर खिडक्यांच्या वरून सलग धावणारे छज्जे बघा. २०१८ मध्ये युनेस्कोनं त्या जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. ते छज्जे शोभेचे आहेतच, पण त्यांच्यामुळे खिडकीवर सावली पडते आणि पावसातही ती थोडी उघडी ठेवता येते.

आता नव्या टॉवरचं बघा. छज्जा गेला. खालपासून वरपर्यंत काच आली. खिडकी स्लायडिंग, म्हणजे कितीही मोठी घेतली तरी एका वेळी अर्धीच उघडणार. भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. तेवढ्याच जाडीच्या एएसी ब्लॉकपेक्षा (हवेची बारीक छिद्रं असलेली हलकी सिमेंटची वीट) काँक्रीट कितीतरी पट वेगानं उष्णता आत सोडतं. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला मे महिन्यात रात्री अकरा वाजता हात लावून पाहा, म्हणजे एसी कशाशी झुंजतोय ते कळेल.

याचं मोजमापही ठरलेलं आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’, म्हणजे घरांनी वीज कशी वाचवावी याची नियमावली, २०१८ मध्ये आली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिनं दर चौरस मीटरला १५ वॉट ठेवली. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेसाठी आणखी एक अट घातली: उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवं. स्लायडिंग खिडकी त्यात निम्मीच मोजतात, दाराच्या पाखासारखी उघडणारी जवळजवळ पूर्ण. राज्यानं लागू केल्याशिवाय ही संहिता बंधनकारक होत नाही. पण बँकेला ती कर्जाच्या अटीत घालायला कुणाची आडकाठी नाही.

आणि एसी लागतोच ना? लागू दे. तो किती तास चालतो आणि किती अंशांवर, यावर बिल ठरतं. २०२० पासून स्टार रेटिंगचे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, कारण एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. साधा छताचा पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा साधारण ३०. घरात चार पंखे रोज दहा तास चालत असतील, तर वर्षाला साडेसहाशे युनिट वाचतात. त्यातही मुंबईचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं: महिन्याला १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. तुमचा वापर ३४० वरून २८० वर आला, तर वाचलेल्या ६० पैकी ४० युनिट वरच्या, महाग टप्प्यातली असतात. वाचवलेलं युनिट हे नेहमी बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं, हे लक्षात ठेवा.

आता पहिला मुद्दा, बिल्डर-बँक मिलीभगत. इथे मेसेज लिहिणारा अर्धा बरोबर आहे आणि त्याची चीड मला समजते. ब्रोशरवर हिरवं पान छापून काचेचे टॉवर विकलेले मीही पाहिलेत. त्यात एक बारीक गोम असते. बांधकाम सुरू होण्याआधी, नुसत्या नकाशांवर ग्रीन इमारतीचं मिळतं ते पूर्व-प्रमाणपत्र. इमारत उभी राहिल्यावर तपासून मिळतं ते अंतिम. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलंच झळकतं. फ्लॅट घेताना एवढंच विचारा: अंतिम प्रमाणपत्र कुणाचं, किती तारखेचं? ‘एज’ (EDGE) या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र असेल तर ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य बनवताना लागलेली ऊर्जा या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. तो आकडा मागा.

पण शिक्का खोटा असू शकतो म्हणून कर्जाचा मार्गच खोटा, हे मला पटत नाही. उलट शिक्का तपासण्याची ताकद सर्वांत जास्त कर्ज देणाऱ्याकडेच असते. बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटचं कर्ज आम्ही एका फटक्यात कधी देत नसू. स्लॅब पडला की इंजिनिअर जाऊन बघणार, अहवाल देणार, मग पुढचा हप्ता सुटणार. त्याच इंजिनिअरच्या फॉर्ममध्ये भिंत कशाची, छज्जा किती, खिडकी किती उघडते, या तीन ओळी वाढवायला काय लागतं? जर्मनीत केएफडब्ल्यू ही सरकारी बँक स्थानिक बँकांमार्फत कमी ऊर्जेच्या घरांना कर्ज देत आली आहे. तिच्या योजनांमध्ये घर जितकं काटकसरी, तितका मुद्दलातला वाटा माफ व्हायचा, आणि तोही काम पूर्ण झाल्याचा तज्ज्ञाचा दाखला आल्यावर. बिल्डरला चकचकीत ब्रोशर छापून तो मिळत नाही.

आपल्याकडेही हे कुणी काल उठून काढलेलं नाही. राष्ट्रीय आवास बँकेनं याच केएफडब्ल्यूच्या पैशातून ऊर्जा वाचवणाऱ्या घरांसाठी पुनर्वित्त योजना, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या संस्थांना त्यासाठी पैसा पुरवण्याची योजना, चालवली. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये हरित ठेवींची, म्हणजे पर्यावरणाला पूरक कामांसाठी घेतलेल्या ठेवींची, चौकट आणली. त्या नावानं गोळा केलेला पैसा कुठे लावला, याची दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करावी लागते.

दुसरा मुद्दा, पाव टक्का. हिशेबच मांडते. ६० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता सुमारे ५२,०७०. सव्वाआठ टक्क्यांना तोच ५१,१२५. महिन्याला साडेनऊशे रुपये, पूर्ण मुदतीत सव्वादोन लाखांच्या वर. ही धूळफेक नव्हे. मात्र सूट ०.०५ टक्के असेल, तर महिन्याला जेमतेम १९० रुपये पडतात, आणि तेवढ्यासाठी चौरस फुटाला जास्त भाव मोजू नका, हेही मी ठामपणे सांगेन. सँक्शन लेटरवर सूट किती आणि ती पूर्ण मुदतीसाठी आहे का, हे वाचूनच सही करा.

खरं म्हणजे व्याजाच्या सुटीवर एवढं बोलणंच मला खटकतं. फायलीवर बसून मी वर्षानुवर्षं पगारातून हप्ता वजा करून बघत होते. वीजबिल कधी पाहिलं नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला हप्ता आणि बिल एकाच पगारातून भागवायचं असतं. अमेरिकेत ‘एनर्जी एफिशियंट मॉर्गेज’मध्ये सुधारणेचा खर्च मूळ गृहकर्जातच धरता येतो, कारण वाचणारं बिल हप्त्याला हात देतं. पाचव्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. बँकेचा संबंध काय, तर तिचे पैसे परत येण्याचा. अमेरिकेतल्या सुमारे ७१,००० गृहकर्जांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘एनर्जी स्टार’ या तिथल्या ऊर्जाबचतीच्या दर्जाच्या घरांची कर्जं बुडण्याची जोखीम सरासरी ३२ टक्क्यांनी कमी निघाली. सरकारचं काम सरकारनं करावंच. पण महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनात सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जा वापराचा आहे, आणि ती ऊर्जा आपल्याच घरांत, दुकानांत, ऑफिसांत जळते.

राहिला चौथा मुद्दा, जुन्या सोसायट्या. माझा जीव इथेच अडकलाय, कारण मुंबईतली कितीतरी मराठी घरं टॉवरमध्ये नाहीत, चार-पाच मजली जुन्या इमारतींत आहेत.

आमच्याच इमारतीचं घ्या. कॉमन मीटरवर, म्हणजे सोसायटीच्या सामायिक विजेच्या मीटरवर, लिफ्ट, पाण्याचे दोन पंप आणि जिन्यातले दिवे. गच्ची गळते म्हणून वर ताडपत्री, खाली शेवटच्या मजल्यावर भट्टी. अशा सोसायटीला पंतप्रधान सूर्यघर योजनेत सामायिक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. २० किलोवॅट बसवायला साधारण २,००० चौरस फूट मोकळी गच्ची लागते. अंदाजे ११ लाख खर्च धरला, तर ३ लाख ६० हजार अनुदान जाऊन साडेसात लाखांच्या आत उरतात. हे पैसे १० टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,३०० च्या आसपास. मुंबईत एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं रोज चार युनिट देतो. पावसात बराच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे महिन्याला २,४०० युनिट. कॉमन मीटरचा वापर तेवढा असेल आणि युनिट १० रुपयांचं धरलं, तर २४,००० वाचले. हप्ता भरूनही मेंटेनन्स कमी होतो. शेजारच्या टॉवरची सावली पडत असेल किंवा कॉमन मीटरचा वापर कमी असेल, तर हे गणित बदलेल; म्हणून आधी बारा महिन्यांची बिलं समोर ठेवावी लागतात. ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे, त्यामुळे ठराव पुढे ढकलण्याची किंमत आहे.

मग सोसायट्या अडतात कुठे? कर्जावर. खूप सोसायट्यांकडे जमिनीचं कन्व्हेअन्सच नाही, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नाही, मग बँक विचारते तारण काय ठेवणार. डीम्ड कन्व्हेअन्सची, म्हणजे बिल्डरनं न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याची, वाट कायद्यानं २००८ पासून मोकळी आहे, तरी कागद तसेच पडून असतात. मेसेज लिहिणाऱ्यानं इथे बोट ठेवलं असतं, तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता. कॉमन मीटरचं वाचणारं बिल आणि नियमित येणारा मेंटेनन्स यांवर सोसायटीला कर्ज देणं जमण्यासारखं आहे. बँकांनी ते तारण न मागता द्यायला हवं.

स्वतःच्या फ्लॅटसाठी वाट त्याहून सोपी आहे. गृहकर्ज चालू असेल तर खिडक्या बदलणं, बाहेरून सावलीची सोय, नवा एसी, पंखे यांसाठी टॉप-अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज, मिळतं. तीन लाख पाच वर्षांसाठी १४ टक्क्यांच्या पर्सनल लोननं घेतले तर हप्ता ६,९८०. ९ टक्क्यांच्या टॉप-अपनं ६,२३०. पाच वर्षांत ४५,००० चा फरक, आणि तरी लोक पर्सनल लोन घेतात, कारण टॉप-अपचं कुणी सांगितलेलंच नसतं. करात मात्र अन्याय आहे. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या खरेदीच्या कर्जावर २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट, आणि दुरुस्तीच्या कर्जाला फक्त ३०,०००. आहे ते घर सुधारणाऱ्याला इतकं कमी का?

सर्वांत मोठी संधी स्वयंपुनर्विकासाची. २०१९ च्या शासन निर्णयानंतर बिल्डरशिवाय इमारत बांधायला निघालेल्या सोसायट्यांना मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देते. तिथे नकाशा सभासदांच्या हातात असतो. छज्जा ठेवायचा की काढायचा, भिंत ब्लॉकची की काँक्रीटची, जिन्यात उजेड येणार की दिवसा दिवे जळणार, हे सभेत ठरतं, आणि एकदा ठरलं की पुढची साठ वर्षं ते बदलत नाही. त्या कर्जाच्या अटीत इको निवास संहिता घातली, तर माझ्या मते मुंबईत याहून स्वस्तात वीज वाचवण्याची दुसरी जागा नाही.

आमची विशेष सभा पुढच्या रविवारी आहे. मी कॉमन मीटरची बारा बिलं, गच्चीवरच्या सावलीचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो, तीन कंपन्यांचे दर आणि दोन बँकांची पत्रं सगळ्यांसमोर ठेवणार आहे. मेसेज वाचणाऱ्या त्या सभासदांना मी आधीच घरी जाऊन सांगितलंय की हिशेब तपासायला पहिल्या रांगेत तुम्हीच बसा. ते येतो म्हणालेत.