‘झोपाल तर हराल’? दादा, आधी हे वाच

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक मेसेज ढकलला. मथळा ‘झोपाल तर हराल’, खाली खेळाडूंसाठी सहा ‘वैज्ञानिक’ मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’. असले मेसेज मी न वाचता उडवते. हा उडवता आला नाही, कारण दादाच्या मुलीने तो मनावर घेतला. ती पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करतेय. रात्री अकरापर्यंत लेखीचा अभ्यास आणि पहाटे तीनचा अलार्म. तीन आठवड्यांत तिची आठशे मीटरची वेळ कमी व्हायची सोडून वाढली, नडग्या दुखायला लागल्या. आणि वर मलाच सांगते, “आत्या, मला आता चार तास पुरतात गं. सवय झालीय.”

माझं डोकं फिरलं ते या ‘सवय झालीय’ने.

मेसेजचा पहिलाच मुद्दा तो: ‘२१ दिवस चार तास झोपा, शरीर जुळवून घेतं.’ नाही घेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे तपासून झालंय, निकाल २००३ साली ‘स्लीप’ या संशोधन-पत्रिकेत आलाय. निरोगी माणसं घेतली. सलग १४ दिवस कुणाला रात्री ८ तास झोपू दिलं, कुणाला ६, कुणाला ४. जागेपणी त्यांची परीक्षा अगदी साधी: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. चार आणि सहा तासवाल्यांचं हुकणं दिवसागणिक वाढत गेलं. चौदा दिवस झाले तरी ते कुठे थांबलं नाही. गंमत पुढे आहे. ‘झोप किती येतेय?’ असं त्यांनाच विचारलं, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस सोडले तर उत्तरं फारशी बदललीच नाहीत. शरीराला कसलीही सवय झाली नव्हती, त्यांना फक्त कळेनासं झालं होतं. जत्रेत कर्ण्याच्या बुडाशी बसलेल्याला तासाभराने आवाज कमी झालासा वाटतो, तसं.

ही माणसं खेळाडू नव्हती, मान्य. पण शिट्टी वाजल्यावर पाय उचलायचा म्हणजे तरी दुसरं काय? खेळाडूंवर उलटा प्रयोगही झालाय, स्टॅनफर्डमध्ये. बास्केटबॉलच्या ११ मुलांना ५ ते ७ आठवडे रोज दहा तास अंथरुणात काढायला सांगितले. त्यांची धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रोही सुधारले. मुलं अकराच आणि तुलनेला दुसरा गट नाही, तेव्हा एवढ्यावर मी इमला बांधणार नाही. पण मेसेजवाल्याकडे तेवढंही नाही.

आपली झोप अपुरी पडतेय हे आपल्यालाच कळत नाही, म्हणूनच ‘झोप बरी लागते ना?’ ‘हो’, एवढ्यावर खेळाडूची झोप जोखता येत नाही. त्यासाठी ‘ॲथलीट स्लीप स्क्रीनिंग क्वेश्चनेअर’ नावाची प्रश्नावली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्य तपासणीत ती घेतलीय. अलीकडे रात्री किती तास झोपलात, झोप लागायला किती वेळ लागतो, मध्ये जाग येते का, झोपेसाठी काही औषध घेता का, घोरता का, असले साधेच प्रश्न. उत्तरांवरून कुणाचं सवयी सुधारून भागेल आणि कुणाला डॉक्टरकडे धाडायचं, हे ठरतं.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

‘पैलवान पहाटे चारला उठतात.’ उठतात की! पण तेच पैलवान दुपारी जेवून ताणून देतात आणि रात्री नवाच्या आत आडवे होतात. मेसेजवाल्याने तालमीतली पहाट तेवढी उचलली. वर त्याच मुद्द्यात ‘दुपारची झोप म्हणजे आळस’! दोन्हींतलं एक काय ते ठरवा.

‘रात्री १० ते २ हीच खरी झोप, नंतरची फुकट.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं आणि गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. पण तो पहिला भाग तुम्ही झोपल्यापासून मोजायचा, भिंतीवरच्या घड्याळातल्या दहापासून नाही. आणि पहाटेची झोप फुकट हे कुणी सांगितलं?

‘मनगटावरच्या घड्याळात झोपेचा स्कोअर ८५ असला की शरीर तयार.’ एकूण किती तास झोपलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ किती, स्वप्नांची किती, हा त्याचा अंदाज असतो. ते नीट मोजायला डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. स्कोअरच्या काळजीनेच झोप उडालेल्यांसाठी २०१७ मध्ये डॉक्टरांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही काढलंय.

‘मेलाटोनिनच्या गमी निर्धोक.’ म्हणजे झोपेच्या संप्रेरकाच्या चघळायच्या गोळ्या. २०२३ मध्ये अमेरिकेत अशी २५ उत्पादनं तपासली, त्यांतल्या २२ उत्पादनांच्या लेबलवरचा मेलाटोनिनचा आकडा चुकीचा निघाला. भाचीला सांगून टाकलंय, डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

त्याऐवजी तिच्या हातात शंभर पानी वही दिली. कधी पडलीस, कधी उठलीस, दुपारी डुलकी लागली का, नडगी किती दुखते, दोन आठवडे रोज लिही म्हटलं. चौथ्या दिवशीची नोंद अशी: ‘क्लासमध्ये डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. मैत्रिणीने सांगितलं.’ त्या रात्री तीनचा अलार्म तिने स्वतःच साडेपाचवर नेला.

राहिला सहावा मुद्दा: ‘घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण.’ अजिबात नाही. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, दिवसा पेंगणं हे एकत्र दिसलं तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्यायची. धिप्पाड, मजबूत खेळाडूंनाही तो होतो. आणि दादा, हे पोरीसाठी लिहिलेलं नाही. रात्री साडेनवाला सोफ्यावर कोण घोरत असतं, ते वहिनींना विचार. अपॉइंटमेंट मी घेते.