एमआरआयमध्ये ‘एलआर-५’ म्हणजे पाचवी ग्रेड नव्हे

‘यकृताच्या कॅन्सरची ग्रेड आता एमआरआयवरच कळते, बायोप्सी विसरा’ असा मेसेज सध्या फिरतोय. यात अर्धंच खरं आहे.

सिऱ्होसिस (यकृत कायमचं कडक, व्रणयुक्त होणं) किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात किमान एक सेंटिमीटरची गाठ धमनीच्या टप्प्यात (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य धमनीतून यकृतात पोचतं तेव्हा) चमकली, नंतर शेजारच्या यकृतापेक्षा काळवंडली, तर बायोप्सीशिवायही हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचं (यकृताच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरचं) निदान होतं. रिपोर्टात तेव्हा ‘एलआर-५’ लिहितात; ही यकृतातल्या गाठींच्या वर्गीकरणाची एक श्रेणी आहे. घोळ इथेच होतो. हा आकडा गाठ कॅन्सरचीच असल्याची खात्री सांगतो. कॅन्सर किती आक्रमक, हे नाही. आणि ग्रेड म्हणजे स्टेजही (कॅन्सर किती पसरलाय ते) नव्हे.

ग्रेड ठरते सूक्ष्मदर्शकाखाली, पेशी किती बिघडल्यात त्यावरून. एडमंडसन आणि स्टाइनर यांची १९५४ची पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात ग्रेड चारच, पाचवी नाहीच!

एमआरआय अंदाज मात्र देतो. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन चित्रात एडीसी (त्या हालचालीचं माप) जितका कमी, तितकी ग्रेड वरची असण्याची शक्यता जास्त. पण दोन ग्रेडचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका रुग्णाबाबत ठामपणे बोलता येत नाही. बायोप्सीही अचूकच असते असं नाही. एकाच गाठीत दोन ग्रेड असू शकतात, सुई एकाच जागी जाते.

डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल, तर हा मेसेज दाखवून ती टाळू नका.