खुलासा: कंबर दुखते म्हणून फळीवर पडून राहू नका

‘कंबर धरली की तीन आठवडे लाकडी फळीवर पडून राहा, पट्टा सोडू नका, मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर बसेल. गोळी नको, ऑपरेशन नको’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शेवटचं वाक्य बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. बाकीचं नाही.

साध्या कंबरदुखीत पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो. एखादा दिवस आडवं व्हावं, मग झेपेल तशी नेहमीची कामं सुरू करावीत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायामाची शिफारस आहे, आणि पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं आहे. (पट्टे विकणाऱ्या दुकानदारांनी हे वाचलेलं दिसत नाही.)

ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवर झालेल्या, 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या अभ्यासातला उपाय तर अगदी साधा आहे: हळूहळू वाढवत नेलेलं चालणं. चालणाऱ्यांचं दुखणं साधारण 208 दिवसांनी परत उद्भवलं, इतरांचं 112 दिवसांनी.

एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणून घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांतही ती तशी दिसते.

मात्र लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.