‘इरा’ नावावरचे आक्षेप आणि एका आत्याचं उत्तर

येत्या रविवारी माझ्या भाचीचं बारसं आहे, इथेच कोथरूडला. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि नाव ठरलंय इरा. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तोच मग सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला: ‘मुलीचं नाव इरा ठेवू नका. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ क्रोध. हे नाव आपलं नाहीच, ज्यू पुरुषांचं आहे. आणि संस्कृतात इरा म्हणजे दारू.’ ओली बाळंतीण असलेली वहिनी ते वाचून रात्रभर जागली. म्हणून हे लिहितेय.

पहिला आक्षेप क्रोधाचा. लॅटिनमध्ये ‘ईरा’ म्हणजे राग, हे खरं. पण तो शब्दच वेगळा, त्याचा पहिला स्वरही दीर्घ. उत्तरेकडे शिक्षा नावाच्या मुली असतात, त्यांच्या आईवडिलांच्या मनात दंड नसतो. युरोपचंच बोलायचं, तर रशियन घरांत इरिनाला लाडाने इरा म्हणतात, आणि इरिना ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ आहे शांती.

दुसरा आक्षेप ज्यू पुरुषांचा. हिब्रूत इरा हे पुरुषाचं नाव आहे, बायबलमध्येही येतं आणि त्याचा अर्थ बहुधा ‘जागरूक’ असा सांगतात. १८७९ साली ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरीनचा शोध लागला, ते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ इरा रेमसनही पुरुषच. म्हणून आपलं नाव परकं होत नाही. आणि ‘हे नाव आपलं नाही’ म्हणणारा पुढच्याच वाक्यात त्याचा संस्कृत अर्थ सांगतो! दोन्ही एकदम खरं कसं असेल?

आता दारू. इथे मी काही लपवणार नाही, कारण अमरकोशातच आहे: ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’. म्हणजे इरा शब्दाचे अर्थ भूमी, वाणी, सुरा आणि पाणी. फर्ग्युसनचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या कोशातही पृथ्वी, वाणी, सरस्वती, पाणी, अन्न आणि मद्य हे सगळे अर्थ आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यातला एकच उचलला. ग्रुपवर उत्तर देणाऱ्या एका काकांनी ‘इरा म्हणजे फक्त सरस्वती’ असं ठासून सांगितलं. भावना चांगली, पण तीही निवडच झाली. या अर्थांच्या मुळाशी काय आहे ते ऋग्वेदातल्या पर्जन्यसूक्तात दिसतं: ‘इरा विश्वस्मै भुवनाय जायते यत्पर्जन्यः पृथिवीं रेतसावति’. पर्जन्य पृथ्वीला फळवतो तेव्हा साऱ्या जगासाठी इरा उपजते. इरा म्हणजे जीव तगवणारा, ताजंतवानं करणारा रस. पाणी, अन्न आणि मद्यही त्याच ओघात येतात. पुराणांत कश्यपाची एक पत्नी इरा आहे, गवत, वेली आणि झाडं ही तिची प्रजा. पावसात भिजलेली वेताळ टेकडी बघताना मला हाच अर्थ सगळ्यांत जवळचा वाटतो.

‘हे हल्लीचं फॅड आहे’ असंही कुणीतरी खाली जोडलं होतं. पुण्यात राहून असं म्हणावं? इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं, आणि १९३९ पासून त्यांनी डेक्कन कॉलेजात काम केलं. इरावती म्हणजे जिच्यात इरा आहे ती, पाण्याने भरलेली. पंजाबातल्या रावीचंही जुनं नाव इरावतीच. इंद्राचा ऐरावतही याच शब्दाच्या घरातला.

वहिनीला काल हे सगळं वाचून दाखवलं. ऋग्वेदाची ओळ तिने दोनदा म्हणायला लावली आणि कागदावर उतरवून घेतली. रविवारी पाळण्यापाशी वाकून मी बाळाच्या कानात कुर्रर्र करणार आणि इरा हेच नाव सांगणार.