शेठकडे पावती मागू नका

सोलापुरात शेंगाचटणी पाव किलो घेतली तरी काट्यावर तोलून मिळते. चादरींचा गठ्ठा डिलिव्हरी चलनाशिवाय गोदामातून हलत नाही. पण तुम्ही पडलात चित्रकार! मुंबईच्या गॅलरीवाल्या शेठकडे बारा कॅनव्हास विक्रीला पाठवताना चित्राचं नाव, माप, माध्यम, किंमत आणि परतीची तारीख लिहून खाली त्यांची सही घेतलीत, तर त्यांना किती वाईट वाटेल. यादी नसली की दोन वर्षांनी अकरा परत येतात, आणि बारावं होतं हे फक्त तुम्हालाच आठवतं.

पॅकिंगलाही खर्च नको. ऐन मे महिन्यात ॲक्रिलिकवर थेट बबल रॅप लावा, बुडबुडे रंगाकडे. आपल्याकडच्या उन्हात ॲक्रिलिक मऊ पडतं, बुडबुड्यांचे गोल त्यावर उमटतात. मध्ये ग्लासिन, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद घालणारे उगाच घाबरट. गुंडाळायचं झालं तर बारीक नळी घ्या आणि रंग आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे थर दाबला जाऊन सुरकुततो. जाड नळी, रंग बाहेर, हे लाड कशाला की ओ?

कमिशन ५० टक्के म्हटलं की मान हलवा. कशाचे ५०, हे विचारू नका. समजा १,००,००० चं चित्र ग्राहकाला २० टक्के सूट देऊन ८०,००० ला गेलं. सूट दोघांनी सोसली तर तुमचे ४०,००० होतात. पण शेठचं कमिशन मूळ किमतीवर, सूट तुमच्या वाट्यातून, म्हणजे उरले ३०,०००. फ्रेमचे ८,००० गेले, राहिले २२,०००. तेही ग्राहकाचे पैसे आले की. तोवर शेठ सांगतील, चित्रकार हुसेनसुद्धा तुमच्या पंढरपुरात जन्मले. तेवढ्यावर महिना काढा.

'फक्त आमच्याकडेच विकायचं' या अटीला मुदत लिहून घेऊ नका. सोलापुरातल्याच सात रस्ता भागातल्या डॉक्टरांनी तुमच्या घरी येऊन चित्र नेलं तरी शेठचे निम्मे.

ग्राहकाचं नाव तर मुळीच मागू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे: मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. पण चित्र कुणाकडे आहे हेच ठाऊक नसलं, की मागणार कुणाकडे?

आणखी एक. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट आपोआप जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. तेव्हा शेठनी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करा. एरवी कागदाचा कंटाळा असणाऱ्या शेठकडे हा एक मात्र टाइप करून तयार असतो.

मग सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तुमच्या चित्रातला सिद्धेश्वर तलाव एखाद्या स्टॉलवर वॉल हँगिंग होऊन लटकलेला दिसेल. घासाघीस करू नका. सांगतील त्या किमतीला घ्या, आणि पावती मागा. तो दुकानदार देईल.