डेन्व्हरच्या विमानाबद्दल खुलासा

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय : अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर पेट्रोल भरायलाच विसरला, म्हणून तो स्वतः चालवत असलेलं छोटं विमान पडलं. तसं नाही. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात उड्डाणापूर्वी त्याला इंधनाबद्दल विचारलं होतं. तोच नको म्हणाला. शिवाय टाक्या दोन. एकीवरून दुसरीवर जायची मूठ विमान बनवणाऱ्याने बसवली होती चक्क वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे! वाशीच्या पुलावर स्कूटर फुरफुरली की आपण वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवायचो ना, तसंच. फक्त इथे मागे वळावं लागे. तपासाचा निष्कर्ष असा, की मूठ फिरवायच्या खटपटीत उजवं रडर पेडल (विमानाचं नाक उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) नकळत दाबलं गेलं आणि विमानावरचा ताबा सुटला.